कांदा कसा चिरता? कुठल्या पदार्थाला कसा?

ओवी

पाककृतीत "दोन मध्यम कांदे चिरून घ्या" एवढं वाचलं की मी अडते. उभे की बारीक? बारीक म्हणजे पोह्यांइतके की थालिपिठाइतके? तेच तेल, तीच आच, तोच मसाला असूनही एका घरची भाजी मिळून येते आणि दुसरीकडे कांदा वेगळा पोहत राहतो. यातला बराचसा फरक चिरण्यात असतो असं माझं ठाम मत आहे, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

मला पक्कं ठाऊक आहे ते आधी लिहिते. सोललेल्या कांद्यावर बुडापासून शेंड्यापर्यंत बारीक रेषा दिसतात. सुरी त्या रेषांच्या दिशेने चालवली की उभा काप मिळतो, रेषा तोडत चालवली की चकती. उभ्या कापात पेशी कमी फुटतात. तो परतल्यावरही आकार धरून राहतो आणि कच्चा खाल्ला तर कमी झोंबतो. चकतीचा कांदा लवकर मऊ पडतो, पण कच्चा असेल तर उग्र लागतो. म्हणून भजी आणि बिर्याणीसाठी उभा, आणि रश्शात विरघळायला हवा असेल तिथे आडवा किंवा बारीक.

बारीक चिरताना मी बूड काढत नाही. मुळांचे केस तेवढे तासते आणि शेंडा कापून कांदा बुडातून उभा दुभागते. मग साल निघायला वेळ लागत नाही. अर्धा कांदा सपाट बाजूने पाटावर ठेवायचा, बूड आपल्या डाव्या हाताकडे. उभ्या चिरा द्यायच्या, पण बुडाच्या अलीकडे थांबायचं, म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. मग आडवं कापत बुडाकडे सरकायचं. उरलेला बुडखा टाकायचा.

तुम्ही कसं करता ते लिहा. विळीवाल्यांनी जरूर लिहा, कारण विळीवर बारीक चिरणं मला येत नाही.

दर्याकिनारा

छान विषय. आम्ही गोव्याचे, घरात आदोळीच. तुमच्याकडची विळी तीच ही, पुढच्या टोकाला नारळ खवायची खवणी असलेली.

विळीवर पातं स्थिर असतं आणि कांदा फिरतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. बारीक चिरायचा असेल तर सोललेला अख्खा कांदा बुडाकडून हातात धरायचा आणि पात्यावर दाबून शेंड्याकडून खोल चिरा द्यायच्या, अगदी बुडापर्यंत नाही. कांदा पाव वळवून पहिल्या चिरांना छेद देणाऱ्या दुसऱ्या चिरा द्यायच्या. मग कांदा पात्यावर आडवा धरून वरून पातळ पातळ कापत जायचं, खाली ताटलीत बारीक कांदा पडत राहतो. पाट लागत नाही, सांडत नाही. सवय असलेल्या बाईचा हात सुरीपेक्षा वेगाने चालतो.

शागुतीच्या वाटणाला मात्र उभाच. जाडसर उभे काप, आधी कांदा तांबूस करायचा आणि मग ओलं खोबरं घालून दोन्ही मिळून भाजायचं. बारीक चिरला तर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो.

रसायन_मास्तर

ओवीताई, तुम्ही पेशींचा उल्लेख केलात म्हणून थोडं शास्त्र. शाळेत हा विषय मी दरवर्षी आवडीने शिकवतो.

अख्ख्या कांद्याला जवळजवळ वास नसतो. पेशीत गंधकाची संयुगं एका कप्प्यात आणि ॲलिनेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. सुरीने पेशी फुटली की दोघांची गाठ पडते. पुढे आणखी एका विकराच्या मदतीने जो वायू तयार होतो त्याचं नाव प्रोपेनथायल एस-ऑक्साइड. तो डोळ्याच्या ओलाव्यात मिसळतो, बुबुळावरच्या पडद्यातल्या चेतातंतूंना टोचणी लागते आणि डोळा ते धुऊन काढण्यासाठी पाणी सोडतो. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी 2002 मध्ये शोधलं. त्याआधी असं मानलं जायचं की हा वायू ॲलिनेजच्या क्रियेनंतर आपोआप तयार होतो. लसणीत वेगळं संयुग असतं, म्हणून ती ठेचताना वास येतो पण डोळे पाणावत नाहीत.

जेवढ्या पेशी फुटतील तेवढा वायू. त्यामुळे पहिला उपाय धार हाच. बोथट पातं कापण्याआधी कांदा दाबतं, चिरडतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2025 मध्ये वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. बोथट सुरीखाली कांद्याची वरची पातळ त्वचा आधी दबते, आत दाब साठतो आणि त्वचा फाटताच रसाचे तुषार वर उडतात. धारदार सुरीने आणि संथ कापलं तर तुषार कमी उडतात आणि त्यांचा वेगही कमी असतो.

चिरण्याआधी कांदा फ्रीजमध्ये ठेवण्याबद्दल: गारव्यात विकरांचं काम मंदावतं आणि वायूही कमी सुटतो, म्हणून अनेकांना बरं वाटतं. तुषारांपुरतं बोलायचं तर कांदा गार केल्याने ते कमी झाल्याचं मात्र त्या प्रयोगात दिसलं नाही.

नवी_भाडेकरू

सर, धन्यवाद! मी पहिल्यांदाच घर सोडून पुण्यात राहते आहे. खोलीत एक बोथट सुरी आणि दोरी ओढायचा चॉपर आहे. चॉपरमधला कांदा कितीही परतला तरी लाल होत नाही, नुसता पाण्यात शिजल्यासारखा होतो. तेल कमी पडतं का?

आचारी_काका

बाळा, तेलाचा दोष नाही. चॉपरची पाती कांदा कापतात कमी आणि झोडपतात जास्त. सगळा रस बाहेर येतो, आणि ते पाणी आटेपर्यंत कांदा लाल होणार नाही. दोरी जितकी जास्त ओढशील तितकं पाणी. चॉपरच वापरायचा असेल तर कांद्याचे चार-सहा मोठे तुकडे करून थोडेच टाक, तीन-चार वेळा ओढ आणि थांब. पसरट कढईत, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता आधी पाणी उडू दे. मग आच कमी कर.

मिक्सरमध्ये कच्चा कांदा तर वाटूच नकोस. कडवट, उग्र होतो आणि ग्रेव्हीभर तीच चव राहते. आधी उभा चिरून परतून घे किंवा पाण्यात उकळून घे, मग वाट.

मी लग्नाकार्याचा स्वयंपाक करतो, पोत्याने कांदा चिरावा लागतो. आमच्याकडे मुलांना पहिल्या दिवशी एकच सांगतो: सगळे काप एका जाडीचे हवेत. बिर्याणीचा कांदा तळताना पातळ काप जळून जातो आणि जाड काप पांढरा राहतो, मग घाणा वाया. दोनेक मिलिमीटर जाडीचा उभा काप, हाताने मोकळा करून, मध्यम तापलेल्या तेलात. हवा तो रंग येण्याच्या जरा आधी उपसायचा, कारण झाऱ्यावर काढल्यावरही तो शिजत राहतो आणि गडद होतो. लगेच कागदावर पसरायचा. ढीग केला की वाफेने मऊ पडला.

खेकडा भजीला उभा, लांब, पाकळ्या सुट्या केलेला. मीठ, तिखट, ओवा लावून दहा-पंधरा मिनिटं बाजूला ठेव. कांदा स्वतःचं पाणी सोडतो. त्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन, वर मूठभर तांदळाचं पीठ. वरून पाणी घातलंस की तिची गोल भजी झाली, खेकडा राहिली नाही.

नवी_भाडेकरू

काका, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सुरीचं काय करू? धार लावणारा आमच्या भागात येत नाही.

आचारी_काका

चिनी मातीचा कप उलटा ठेव. तळाला जी खरखरीत, बिनचकाकीची कड असते तिच्यावर सुरी तिरकी धरून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा ओढ. दाब हलका, कोन तोच ठेवायचा. मग धुऊन पुसून घे. कामचलाऊ धार येते. एक दुहेरी धारेचा दगड घेऊन ठेवलास तर वर्षानुवर्षं चालेल. धार आली की हाताची पद्धतही बदल: कांदा धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायची, सुरीचं पातं बोटांच्या पेराला टेकून चाललं पाहिजे. पाटाखाली ओलं फडकं घाल, पाट सरकत नाही.

गोदाकाठ

आम्ही निफाड तालुक्यातले कांदा उत्पादक. चिरण्यावर एवढी चर्चा वाचून बरं वाटलं. एक मुद्दा राहिला: कांदा कुठला?

दिवाळीच्या पुढेमागे येतो तो खरिपाचा लाल कांदा. रंगाने गडद, पाणी जास्त, टिकत नाही. त्यानंतर रांगडा. मार्च-एप्रिलपासून निघतो तो उन्हाळ कांदा. हा फिकट, घट्ट, पातळ पापुद्र्यांचा, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरून ठेवला की पावसाळाभर पुरतो. लासलगावच्या बाजारात वर्षभर जे कांदे दिसतात ते असे वेगवेगळ्या हंगामांचे. तुम्ही मात्र सगळ्यांना एकाच पद्धतीने चिरता आणि एकाच वेळात परतता! नवा लाल कांदा परतायला वेळ जास्त द्या, कारण त्यातलं पाणी आधी उडायला हवं. चाळीतला उन्हाळ कांदा पटकन लाल होतो. वाटण आणि तळण यांना तोच घ्यावा.

घेताना मान बघा. मान बारीक आणि सुकलेली असेल तर कांदा आत चांगला. जाड, ओलसर मानेचा लवकर सडतो. काळी भुकटी दिसली तर ती काजळी, म्हणजे बुरशी. तो पापुद्रा काढून टाका, कांदा आणि हात धुवा, मगच चिरा. आत कोंब असेल तर तो काढून बाकीचा वापरता येतो. डेंगळा असेल, म्हणजे फुलाचा दांडा धरलेला, तर मध्यात कडक दांडी निघते, ती शिजत नाही.

आणि जोड कांदा! एका सालीत दोन. त्याला सरळ मधून दुभागलं की पाकळ्यांची दिशा चुकते आणि बारीक चिरताना तुकडे वेडेवाकडे पडतात. साल काढून आधी दोघांना हाताने वेगळं करायचं, मग प्रत्येकाला स्वतंत्र कांदा समजून चिरायचं.

ओवी

दादा, जोड कांद्याचं सांगितलंत ते फार मोलाचं. मी तो नुसताच बाजूला ठेवायचे.

टेक्सासकर

इथे अमेरिकेत रोजच्या स्वयंपाकाला पिवळा कांदा. नाशिकच्या कांद्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा, एकात तिघांची भाजी. गोड जातीचेही मिळतात. जॉर्जिया राज्यातला विडालिया गंधक कमी असलेल्या जमिनीत येतो, म्हणून सौम्य. कोशिंबिरीला उत्तम, पण कांदा-लसूण मसाल्याच्या रश्शात त्याचा गोडवा वर येतो, तिथे नको.

मोठ्या कांद्याची अडचण अशी की सरळ उभ्या चिरा दिल्या तर मधले तुकडे नीट येतात आणि कडेचे लांबट. सगळ्या चिरा केंद्राकडे वळवल्या तर बाहेरचे जाड आणि आतले अगदी चुरा. इथले पाककृती लेखक जे. केंजी लोपेझ-अल्ट यांनी यावर सुचवलेला उपाय मी वापरतो. अर्धा कांदा पाटावर पालथा ठेवला की त्याचं केंद्र पाटाला टेकलेलं असतं. सुरी त्या केंद्राकडे न रोखता, पाटाच्याही खाली त्रिज्येच्या साधारण 60 टक्के खोलीवर एक बिंदू आहे असं समजून सगळ्या चिरा त्याच्याकडे रोखायच्या. म्हणजे मधली चीर सरळ आणि कडेकडे जाल तशी सुरी थोडी आत झुकलेली. तुकडे बरेच एकसारखे पडतात, आणि सुरी आडवी धरून पोटातून चिरा देण्याची गरज राहत नाही. बोटं कापतात ती बहुतेकदा त्या आडव्या चिरांमध्ये, म्हणून मला ही पद्धत जास्त पटते.

वऱ्हाडी_ठेचा

शेतात सुरीही नसते आणि पाटही नसतो. कांदा भाकरीशेजारी ठेवायचा, वरून बुक्की घालायची. तो पाकळ्या-पाकळ्यांनी उकलतो, कारण फुटताना जिथे सांधा असतो तिथेच सुटतो. मीठ लावून चोळायचा. झुणका-भाकरीसोबत चिरलेल्या कांद्याला ही गोडी येत नाही, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

तर्री पोह्यांवरचा कच्चा कांदा मात्र अगदी बारीक आणि ऐनवेळी चिरलेला. तासभर आधी चिरून ठेवला की वास मारतो.

ओवी

पोह्यांचा विषय निघालाच आहे तर विचारते: फोडणीतला कांदा उभा की बारीक? आमच्या घरी दोन तट आहेत. मी बारीकच्या बाजूची. बारीक कांदा प्रत्येक घासात येतो आणि पोह्यांना ओलावा देतो. उभा काप चमच्यावर नीट बसत नाही आणि पोहे एकीकडे, कांदा दुसरीकडे होतो.

दर्याकिनारा

उभा! दाताखाली येऊ दे की.

मालती_आजी

ओवी, तुझं बरोबर आहे गं, पण पोहे जाडे असतील तर मध्यम चिर. फार बारीक कांदा फोडणीतच सुकून जातो.

थालिपिठाला मात्र जितका बारीक चिरता येईल तितका. मोठा तुकडा राहिला की थापताना तिथेच फाटतं आणि तव्यावर उलटताना मोडतं. चिरून त्याला मीठ चोळून पिठात घालायचा, म्हणजे पाणी बेताने घातलं जातं. कोशिंबिरीला उलटं, मीठ पानं घेताना घालायचं, नाहीतर दह्याचं पाणी होतं.

मला आता खाली बसवत नाही, गुडघे दुखतात. पण सुरीवर हात बसलेला नाही. माझ्यासारख्यांनी ओट्यावर ठेवायची घडीची विळी घ्यावी. लोखंडी पाटाची मिळते, जड बघून घ्यायची, हलकी पुढे सरकते. खाली रबराचा तुकडा ठेवावा. काम झालं की पातं लगेच धुऊन, पुसून, मिटून ठेवायचं. लोखंडी पातं ओलं राहिलं तर गंजतं आणि पुढचा कांदा काळा पडतो. आणि घरात मूल असेल तर उघडी विळी क्षणभरही सोडून उठायचं नाही. दारावरची घंटा वाजली तरी आधी मिटायची.

रसायन_मास्तर

आजी, कांदा काळा पडतो तो लोखंडाच्या संपर्काने, त्यामुळे चिरून झालेला कांदा पात्याजवळ साचू न देता लगेच ताटलीत सरकवला तर फरक पडेल.

कच्चा कांदा फार झोंबत असेल तर चिरल्यावर गार पाण्यात दहा मिनिटं ठेवून निथळा. तिखटपणाची संयुगं बरीचशी पाण्यात उतरतात. मिसळीवर घालायचा असेल तर निथळल्यावर फडक्यात दाबून घ्या. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर याचीही गरज नाही, तो मुळातच सौम्य. भौगोलिक मानांकन मिळालेला कांदा आहे तो, माळा करून विकतात.

डोळ्यांसाठी: पंखा असा लावा की वारा पाटावरून तुमच्यापासून दूर जाईल. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना त्रास कमी होतो, कारण बुबुळ झाकलेलं असतं. पोहण्याचा चष्मा तर खात्रीने चालतो. कांद्याचा हात डोळ्याला लावू नका, एवढं पाळा.

नवी_भाडेकरू

कपावर सुरी घासली, बूड ठेवून उभ्या चिरा दिल्या. कांदा लाल झाला! आता शेवटचं विचारते: सकाळी घाई असते, तर रात्री चिरून ठेवला तर चालेल का?

आचारी_काका

परतायचा असेल तर चालेल. उभा चिर, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये, आणि सकाळी वापरून संपव. बारीक चिरलेला रात्रीतून पाणी सोडतो. कच्चा खायचा मात्र ऐनवेळीच. त्याहून सोपं म्हणजे रविवारी उभा कांदा थोड्या तेलावर लाल परतून गार करून ठेव. भाजी, अंडाकरी, पुलाव, सगळ्यात चमचाभर टाकता येतो. आठवड्याचा एकदम करू नकोस, तीन-चार दिवसांपुरता कर.

गोदाकाठ

आणि अख्खे कांदे फ्रीजमध्ये नको, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. जाळीच्या टोपलीत, वारा लागेल अशा जागी, बटाट्यांपासून लांब ठेव.